वीट पाणी किती वेगाने ओढते ते घरीच मोजा

भट्टीवाला विटेच्या पाणी शोषण्याबद्दल "२० टक्क्यांच्या आत आहे" म्हणतो तो आकडा वीट २४ तास पाण्यात बुडवून काढलेला असतो, म्हणजे पोटात किती मावतं ते कळतं, पण पावसात भिंत बुडत नाही, ती पाणी ओढते, म्हणून वेग मोजायचा.

वीट १०५ डिग्रीला ओव्हनमध्ये सुकवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत (दोनेक दिवस जातात, घाई करू नका), मग गार करून चारी बाजूंना वितळलेलं मेण लावा, फक्त वरचं आणि खालचं टोक मोकळं ठेवा, वरचं झाकलंत तर आतली हवा जाणार कुठे? आता मेणासकट वजन करून ट्रेमध्ये दोन खिळ्यांवर उभी ठेवा, पाणी खालच्या टोकाच्या वर जेमतेम ५ मिलिमीटर.

वजन १, ४, ९, १६, २५, ३६, ४९ मिनिटांनी घ्यायचं. वर्गसंख्या अशासाठी की ओढलेलं पाणी वेळेच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतं, मग ग्राफच्या आडव्या अक्षावर वेळेचं वर्गमूळ घेतलं की ठिपके सारख्या अंतरावर येतात आणि सरळ रेष पडते. दरवेळी तळ ओल्या फडक्याने एकदाच टिपायचा, कोरड्याने घासलात तर फडकंच पाणी ओढून घेतं. सगळी गडबड इथेच होते. रेष शून्यातून गेली नाही तरी टेन्शन नको, आपल्याला उतारच हवा.

समजा २३०×११०×७० मिमीची वीट उभी केली, तळ ०.००७७ चौरस मीटर. ९ ते ४९ मिनिटांत ४८ ग्रॅम वाढले. वर्गमूळातला फरक ७ वजा ३ म्हणजे ४, सेकंदात नेला (६० च्या वर्गमूळाने गुणला) की ३१. ०.०४८ भागिले ०.००७७ भागिले ३१, म्हणजे साधारण ०.२. हा शोषण गुणांक, युनिट किलो प्रति चौरस मीटर प्रति वर्गमूळ सेकंद.

ट्रे रात्रभर तसाच ठेवा, पाणी तेवढं भरत राहा. ओल वरच्या टोकाला पोचली की रेष मोडून आडवी होते, अशा विटेला पंधराएक तास लागतात. तिथवर ३५५ ग्रॅम भरले तर विटेच्या घनफळाने भागून घनमीटरला २०० किलो. ०.२ भागिले २००, त्याचा वर्ग, सेकंदाला चौरस मीटरचा दहा लाखावा भाग, ही ओल सरकण्याची सरासरी डिफ्युझिव्हिटी, म्हणजे ओल विटेत किती झपाट्याने पसरते त्याचं माप. भिंतीतल्या ओलीचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची तर जर्मनीतल्या क्युन्झेल या संशोधकाचं सूत्र वापरतात, पूर्ण भिजलेल्या विटेला याच्या ३.८ पट, आणि कोरडीकडे जाता जाता हजार पटीने कमी.