नागपुरात भूमिगत केबलच्या कामाला येताय? आधी सेमीकॉनची कड शिका

आयटीआय झालेला वीजतंत्री असो की डिप्लोमावाला सुपरवायझर, केबल बदलण्याच्या कामावर नवा आलेला माणूस खोदकामातच गुंततो. चर दिसतो, ड्रम दिसतो, वाहतूक अडली म्हणून लोकांच्या शिव्या ऐकू येतात. केबल बिघडते ती मात्र बहुतेक वेळा जॉइंटमध्ये, आणि तीही तुम्ही दुसऱ्या साइटवर गेल्यावर. त्यामुळे चराचं थोडक्यात सांगतो, जॉइंटचं, म्हणजे दोन केबल जोडतात त्या जागेचं आणि तिथल्या सेमीकॉन नावाच्या काळ्या थराचं, कंटाळा येईपर्यंत.

चराची खोली 11 केव्हीला 90 सेंटिमीटर, 33 केव्हीला 105, लघुदाबाला 75. हे आकडे आयएस 1255 मध्ये आहेत, पाठच असू द्या. खाली 75 मिलिमीटर चाळलेली वाळू, वर तेवढीच, मग विटा किंवा फरशा, त्यावर माती आणि वॉर्निंग टेप. "भाऊ, निघाली तीच माती टाकू ना खाली" असं कोणीतरी म्हणेलच. काळ्या मातीत हे अजिबात चालू देऊ नका. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. भेगांत हवा शिरली की केबलची उष्णता बाहेर जायला वाट उरत नाही. कॅटलॉगमधला विद्युतप्रवाह जमीन 30 अंशांवर आणि माती ठराविक ओलाव्याची धरून दिलेला असतो. 300 चौरस मिलिमीटर, तीन कोअर (आत तीन तारा), ॲल्युमिनियम एक्सएलपीईला (प्लास्टिक इन्सुलेशनच्या केबलला) तिथे साडेतीनशे अँपिअरच्या आसपास आकडा दिसेल. मे महिन्यात पारा 45 च्या वर, घराघरात कूलर चालू आणि जमीन कोरडी ठाक असताना तो आकडा खरा धरू नका. वाळूची ट्रॉली वाचवणारा ठेकेदार केबलची क्षमता खात असतो, एवढं त्याला तोंडावर सांगायला शिका.

सिमेंट रस्त्याखालून जायचं तर आडवं ड्रिलिंग. पाइपचा आतला व्यास केबलच्या दीडपट तरी हवा, म्हणजे 80 मिलिमीटर जाडीच्या केबलला 120 हून कमी नाही. शहराच्या पश्चिम भागात काळा बेसाल्ट लागतो, तिथे ड्रिल भरकटतं. नेमकी किती खोली गेली ते मीटरवर वाचून जागेवरच लिहून घ्या. ओढताना ॲल्युमिनियमला चौरस मिलिमीटरमागे 30 न्यूटनची मर्यादा आहे, तीही पुलिंग आय, म्हणजे ओढायचा कडा, थेट कंडक्टरला लावलेला असेल तर. तीन गुणिले 300 गुणिले 30 म्हणजे 27 हजार न्यूटन, पावणेतीन टनांच्या आसपास. जेसीबीच्या बकेटला साखळी बांधून ओढणाऱ्याला ही मर्यादा कधी ओलांडली ते कळणारही नाही. वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या 15 पट, म्हणजे साधारण सव्वा मीटर.

आता जिवाची गोष्ट. जुनी केबल कापण्याआधी ती खरंच मेलेली आहे हे सिद्ध करा. इतवारी, महाल, गांधीबागेच्या गल्ल्यांत एका चरात चार-पाच केबल शेजारी-शेजारी सापडतात, काही पीआयएलसी (कागदी इन्सुलेशन आणि शिशाचं आवरण असलेल्या जुन्या केबल), काही एक्सएलपीई, वरून सगळ्या सारख्याच काळ्या आणि चिखलाने माखलेल्या. साधा टेस्टर इथे निरुपयोगी आहे. शिसं, तांब्याची पट्टी आणि आर्मर (बाहेरचं पोलादी कवच) अर्थ केलेले असतात, त्यामुळे आत 11 केव्ही असूनही बाहेर काहीच जाणवत नाही. फीडर बंद, दोन्ही टोकांना अर्थिंग, लेखी परमिट, मग आयडेंटिफायरने सिग्नल सोडून केबल ओळखायची आणि दुरून चालणाऱ्या स्पाइक गनने भोसकायची. करवत त्यानंतर. नकाशावर विसंबू नका. 2011 ते 2019 या काळात या भागांचं वितरण फ्रँचायझीकडे, म्हणजे खासगी कंपनीकडे होतं, नंतर ते महावितरणकडे परत आलं. जुन्या नोंदी मागताना हे ध्यानात ठेवा. "मी सांगतो ना, हीच आहे" म्हणणारा कितीही ज्येष्ठ असो, त्याच्या शब्दावर करवत लावायची नाही.

आता सेमीकॉन.

एक्सएलपीई कोअरवर काळा अर्धवाहक थर असतो, तोच सेमीकॉन, त्यावर तांब्याची पट्टी. जॉइंट करताना हा काळा थर ठराविक लांबीपर्यंत काढायचा आणि खालचं पांढुरकं इन्सुलेशन जसंच्या तसं ठेवायचं. वाक्य एवढंसं आहे, पण नवशिक्याचे निम्मे जॉइंट इथेच मरतात. थर सोलायला आपण सुरी गोल फिरवतो, ती किंचित जास्त दाबली जाते आणि इन्सुलेशनवर केसाएवढी चीर पडते. डोळ्यांना दिसत नाही. वर स्ट्रेस कंट्रोल ट्यूब (कडेवरचा विद्युतताण पसरवणारी नळी) बसते, चीर झाकली जाते, आत हवा अडकते.

यात एवढं काय बिघडतं? 11 केव्हीच्या केबलमध्ये फेज ते अर्थ 6.35 केव्ही असतात. अर्थ्ड ग्रेडच्या (न्यूट्रल अर्थ केलेल्या यंत्रणेसाठीच्या) केबलचं इन्सुलेशन साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी मिलिमीटरला 1.8 केव्हीचा ताण. हवेच्या फटीत हा ताण 2.3 पट होतो, कारण एक्सएलपीईची परावैद्युतता 2.3 आणि हवेची 1. झाले चारच्या वर. हवेचं इन्सुलेशन मिलिमीटरला 3 केव्हीला तुटतं. अगदी बारीक फट याहून जास्त तग धरते हे खरं, पण चीर पडलेली असते नेमकी सेमीकॉनच्या कडेला, जिथे विद्युतक्षेत्र आधीच कितीतरी पट एकवटलेलं असतं. मग आत बारीक डिस्चार्ज सुरू होतो, कार्बनचं झाड वाढत जातं आणि काही महिन्यांनी भार वाढला की जॉइंट फुटतो.

मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, हे दाखवत नाही. 5 केव्हीच्या मेगरवर गिगाओहम येतील, कारण चिरेखाली तीन मिलिमीटर चांगलं इन्सुलेशन शिल्लक असतं. 0.1 हर्ट्झची व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेची उच्चदाब) चाचणी 19 केव्हीवर 15 मिनिटं लावली तरी असा जॉइंट कधीकधी निभावून जातो. पार्शल डिस्चार्ज, म्हणजे आतला तो बारीक डिस्चार्ज, मोजला तरच तो पकडला जातो, आणि ते यंत्र प्रत्येक साइटवर येत नाही. "मेगर चांगला आला" म्हणजे जॉइंट चांगला झाला, हा समज आजच सोडा.

उपाय हाताचाच आहे. सुरी बाजूला ठेवा, खोली ठरवता येणारं स्ट्रिपर वापरा आणि ब्लेड सेमीकॉनच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवा. गोल रेघ फक्त थर कमकुवत करण्यापुरती, पुढचं हाताने सोलून काढायचं. कड पायरीसारखी उभी ठेवू नका, उतरती घासा. घासायला ॲल्युमिनियम ऑक्साइडचं कापड, आधी 120 नंबरचं, मग बारीक. काळा एमरी चालत नाही, त्याचे वाहक कण इन्सुलेशनवर राहतात. पुसायचं नेहमी कंडक्टरकडून सेमीकॉनकडे, आणि एक कापड एकदाच. उलट पुसलं की सेमीकॉनची काळी पूड स्वतःच इन्सुलेशनवर पसरते. नंतर कोअर हलकेच वाकवून कडेवर टॉर्चचा उजेड टाका. चीर असेल तर वाकवल्यावर तिचं तोंड उघडतं. उथळ असेल तर गोलाई राखून घासून काढा, मात्र व्यास जॉइंट किटच्या (जोडणीच्या तयार संचाच्या) मर्यादेखाली जाता कामा नये. खोल असेल तर कापा आणि पुन्हा सुरुवात करा. त्यासाठीच जॉइंटच्या दोन्ही बाजूंना केबलची ढील ठेवतात. ढील दिसली की तोंड वाकडं करणारे साहेब भेटतील, त्यांना काय म्हणायचं ते म्हणू द्या.

काही जुने मिस्त्री सेमीकॉन काचेच्या तुकड्याने खरवडतात, आणि एखाद्याचा हात खरंच सोन्याचा असतो. त्याच्याकडून हात कसा स्थिर ठेवायचा ते शिका, काच घेऊ नका. थर लवकर निघावा म्हणून गॅसच्या टॉर्चने शेकणाऱ्यांपासून दूरच राहा. गुरू निवडायचा तर माझी एकच कसोटी: किटमधला सूचनांचा कागद तो उघडतो का? वीस वर्षं हेच करतोय म्हणून कागद फेकणारा माणूस नवीन कंपनीच्या किटवर जुनीच मापं लावतो.

सुरुवातीला कड कोणालाच नीट जमत नाही. कापून उरलेले केबलचे तुकडे मागून घ्या आणि सावलीत बसून पन्नास कडा करा. तिसाव्याच्या आसपास ब्लेडखाली थर संपल्याचं बोटांना कळू लागतं.

बाकीच्या चुका लवकर सुटतात. फेरूल (दोन कंडक्टर जोडणारी धातूची नळी) दाबण्याआधी सगळ्या ट्यूब केबलवर सरकवून ठेवा. दाबल्यानंतर आठवण झाली तर कापण्यावाचून मार्ग नाही. क्रिम्पिंग (फेरूल दाबणं) मधून टोकांकडे, षट्कोनी डाय (दाबायचा साचा) त्याच मापाची, दाबल्यावर टोकदार कडा घासायच्या. हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) ट्यूब मध्यापासून बाहेर, ज्योत मऊ पिवळी आणि सतत फिरती. एका जागी निळी ज्योत धरली की ट्यूब करपते. तांब्याच्या पट्टीची आणि आर्मरची जोड दोन्ही बाजूंनी पूर्ण हवी. पीआयएलसीला एक्सएलपीई जोडताना आधी जुन्या केबलच्या इन्सुलेशनच्या कागदाची पट्टी 130 अंशांच्या आसपास तापलेल्या पॅराफिन तेलात टाका. तडतड झाली तर ओल आहे, तेवढी केबल मागे कापा. तेलाचा अडसर घालणारी ट्यूब वगळली तर जुन्या केबलचं तेल नव्या बाजूला झिरपतं. शिशाला हात लावून जेवणाचा डबा उघडू नका, आधी साबणाने हात धुवा.

एकदा कोअर उघडला की काम मध्येच सोडून जेवायला जायचं नाही. पावसाची शक्यता असेल तर तंबू, नाहीतर टोकांना टोप्या घालून दुसऱ्या दिवशी. चार्ज करण्याआधी दोन्ही टोकांना फेजिंग, म्हणजे कोणता फेज कुठे आला ते, तपासा. जुन्या केबलचा क्रम नव्या केबलच्या रंगांशी जुळेलच असं नाही, आणि आरएमयूमधून (फीडर जोडणाऱ्या स्विचच्या पेटीतून) दोन फीडर समांतर झाले तर चुकलेला फेज थेट शॉर्ट होतो.

माती टाकण्याआधी जॉइंटचा फोटो घ्या. दोन पक्क्या खुणांपासून अंतर, खोली, किटचा बॅच नंबर, तारीख आणि जॉइंटरचं नाव वहीत उतरवा. खूण म्हणून पानठेला किंवा झाड धरू नका, वीजखांब किंवा इमारतीचा कोपरा धरा.