बाळाच्या नावाचं वेगळं स्पेलिंग ठेवताय? या चुका टाळा

हृषीकेश हे एकच नाव घ्या. सुरुवातीला एच लावायचा की नाही, पुढे आर-यू लिहायचं की आर-आय, ‘षी’साठी नुसता आय की डबल ई, एवढ्या तीन प्रश्नांतूनच आठ स्पेलिंगं तयार होतात. नोंदणी करणारा कारकून त्यातलं एकही चूक म्हणून परत करणार नाही, कारण मराठी नावांना इंग्रजीत ठरलेलं स्पेलिंग नसतंच. तेव्हा जरा हटके लिहायला कुणाची हरकत नाही. घोळ दोनच ठिकाणी होतो. स्पेलिंग वाचून मूळ देवनागरी नाव परत मिळत नाही, किंवा एकाच मुलाची दोन कागदांवर दोन स्पेलिंगं पडतात. खालच्या सगळ्या चुका या दोनच गोष्टींपाशी येऊन थांबतात.

दवाखान्यात घाईघाईने नाव लिहून देणं

डिस्चार्जच्या गडबडीत फॉर्म समोर येतो आणि काहीतरी लिहिलं जातं. तशी गरज नसते. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, पण त्या नोंदीत बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. नावाचा रकाना कोरा ठेवून नोंद होते आणि नाव नंतर घालता येतं. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत त्याला शुल्क नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. म्हणजे बारसं झाल्यावर, आत्याबाईंनी कानात सांगून झाल्यावर, चार दिवस निवांत बसून स्पेलिंग ठरवायला भरपूर वेळ आहे.

हा वेळ वापरायचं कारण आता जास्तच मोठं झालंय. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदारयादी अशा कामांसाठी जन्मदाखलाच धरला जातो. पूर्वी दाखल्यावर एक आणि शाळेत दुसरं असं खपून जायचं, कारण पुढे दहावीचं प्रमाणपत्र वरचढ ठरायचं. आता पहिला कागदच शेवटपर्यंत सोबत राहतो.

एच शोभेसाठी जोडणं

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. मराठी वाचकाला रोमन लिपीतला एच दिसला की तो आधीच्या व्यंजनाचा महाप्राण करतो. ‘वेद’च्या शेवटी एच लावला की तो ‘वेध’ झाला. ‘तन्वी’त टी-एच घातलं की ‘थन्वी’. अदितीचं स्पेलिंग छान भरगच्च दिसावं म्हणून डी-एच आणि टी-एच घातलं तर बँकेतला माणूस तिला ‘अधिथी’ म्हणून हाक मारणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

ही स्पेलिंगं येतात कुठून? बहुतेक वेळा नावांच्या याद्यांमधून. दक्षिणेत ‘त’साठी टी-एच लिहायची रीत आहे, तिकडची गीता, लता, स्वाती अशीच लिहिली जाते आणि तिकडे ती बरोबर वाचलीही जाते. इंटरनेटवरच्या याद्यांत मात्र तमिळ, कन्नड, तेलुगू, हिंदी सगळी नावं एकाच टोपलीत असतात. ‘धृती’ आवडलं म्हणून तिथलं स्पेलिंग जसंच्या तसं उचललं की पुण्यात तिची ‘ध्रुथी’ होते. मूल चेन्नईत वाढणार असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा सापळा सुरुवातीच्या एचचा. अभिनेता ऋतिक रोशनच्या स्पेलिंगमध्ये आधी एच आहे, आणि त्याच चालीवर ऋतुजा, ऋत्विक ही नावंही एचने लिहायची पद्धत पडली आहे. ‘हृषीकेश’मध्ये ह मुळातच आहे, तिथे एच हवाच. ‘ऋतुजा’त तो नाही. मग आधार केंद्रावर इंग्रजी नाव टाइप झालं की शेजारी आपोआप ‘हृतुजा’ उमटतं, आणि ते कुणी वाचलं नाही तर तसंच छापून येतं.

ऋसाठी आर-यू की आर-आय, हा वाद वेगळा आहे. मराठी उच्चाराप्रमाणे आर-यू चोख. क्रिकेटपटू ऋतुराज गायकवाड तसंच लिहितो आणि देशभर ते चालतं. आर-आय लिहिलंत तर हिंदी भागात सोपं जाईल. काहीही निवडा, पण निवडलेलं एकच ठेवा. तीच गत ‘ज्ञ’ची. डी-एन-वाय हे मराठीबाहेर कुणाला वाचता येत नाही, तरीही ‘ज्ञानदा’ला जी-वाय लावलंत तर महाराष्ट्रात ती ‘ग्यानदा’ होईल. आमच्या मते इथे घरच्या उच्चाराला झुकतं माप द्यावं.

अंकशास्त्रासाठी अक्षरं वाढवणं

ज्यांचा विश्वास आहे त्यांच्याशी वाद नाही. हिशेब मात्र समजून घ्यावा: प्रत्येक अक्षराला एक अंक देऊन त्यांची बेरीज एकअंकी होईपर्यंत करतात. प्रचलित पद्धती दोन आहेत. कॅल्डियन पद्धतीत ए १, आर २, वाय १, म्हणून ए-आर-वाय-ए या ‘आर्या’ची बेरीज ५, पुढे आणखी एक ए लावला की ६. पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत आर ९ आणि वाय ७, म्हणून तेच नाव १८ म्हणजे ९, आणि जादा ए लावला की १९, म्हणजे १. स्पेलिंग ठरवण्याआधी सांगणारा कोणती पद्धत वापरतो हे विचारा, आणि बेरीज नुसत्या नावाची की दाखल्यावरच्या पूर्ण नावाची हेही विचारा. जयललितांनी २००१ मध्ये आपल्या नावाच्या शेवटी एक ए वाढवला, पण तेव्हा त्या तमिळनाडूभर ओळखल्या जाणाऱ्या नेत्या होत्या. पहिलीतल्या मुलाला ते अक्षर दर फॉर्मवर स्वतः सांगावं लागतं.

वाढवायचंच असेल तर जिथे दुप्पट अक्षराला उच्चार आहे तिथे वाढवा. ‘आर्या’च्या सुरुवातीला दोन ए लावले तर ‘आ’ स्पष्ट होतो, म्हणजे वाढीव अक्षर कामी आलं. ‘नील’मध्ये डबल ई चालतं. व्यंजन दुप्पट केलं की मात्र मराठी वाचक जोडाक्षर वाचतो, ‘अनिका’ची ‘अन्निका’ होते. आणि शेवटचे दोन आय किंवा दोन वाय कुणीच टाइप करत नाही. तिकीट काढणारा एकावरच थांबतो.

शेवटच्या ए-बद्दल एक अडचण खरीच आहे. मुलाचं ‘आर्य’ आणि मुलीचं ‘आर्या’ ही इंग्रजीत एकसारखी दिसतात. मुलासाठी असं नाव निवडत असाल तर शाळेच्या यादीत वर्षातून एकदा तरी तो मुलींच्या रांगेत जाईल असं धरून चाला.

देवनागरीचा रकाना न वाचणं

दाखल्यावर आणि आधारवर नाव दोन्ही लिपींत असतं. सगळं लक्ष इंग्रजीकडे आणि मराठीकडे डोळेझाक, हे नेहमीचंच. टाइप करणाऱ्याकडून होणाऱ्या ठरावीक चुका आधीच माहीत असू द्या: ‘कृष्णा’चं ‘क्रुष्णा’, ‘अर्णव’चं ‘अर्नव’, ‘मयूरी’चं ‘मयुरी’, ‘पूर्वा’चं ‘पुर्वा’. ‘हृ’ आणि ‘ह्र’ तर छोट्या अक्षरांत सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे आहेत आणि नाव शोधताना सापडत नाही.

‘जान्हवी’ जपून. मराठीत न आधी, संस्कृतात आणि हिंदीत ‘जाह्नवी’, म्हणजे ह आधी. इंग्रजीतही एन-एच आणि एच-एन अशी दोन्ही स्पेलिंगं चालतात, शिवाय मधला ए गाळलेलं तिसरं. देवनागरीत एक आणि इंग्रजीत दुसरं पकडलंत तर दोन्ही कागद बरोबर असूनही जुळणार नाहीत.

पूर्ण नावाची लांबी न मोजणं

१ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या ओळी असतात, त्यांत नावाला ३९ जागा मिळतात. पासपोर्टवर चारही नावं घ्यायची असतील तर मोजून बघा: कुलकर्णी ८, मग नावं वेगळी करणाऱ्या दोन खुणा (<), हृषीकेश १०, एक खूण, वैष्णवी ९, एक खूण, ज्ञानेश्वर ११. झाले ४२. शेवटची तीन अक्षरं त्या ओळीतून कापली जाणार. एवढ्याने प्रवास अडत नाही, पण अशा घरात बाळाच्या नावात हौसेची दोन अक्षरं आणखी घालायची का, ते ठरवा.

जोडरेघ आणि वरचं स्वल्पविराम-चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) टाळाच. त्या ओळीत जोडरेघेच्या जागी रिकामी खूण येते आणि वरचं चिन्ह गळतं. वसई-गोव्याकडच्या डिसोझांना हे सांगायला नको.

एक वेगळं स्पेलिंग, जे कामाचं आहे

हर्षित या नावाची इंग्रजीतली शेवटची चार अक्षरं परदेशातल्या शाळेत पोराला छळतात, आणि काही वेबसाइटचे शिवीगाळ अडवणारे फिल्टर असं नाव घेतच नाहीत. तिथे आयच्या जागी डबल ई लिहिणं शहाणपणाचं. उच्चार किंचित लांबतो, चालतं.

ठरवण्याआधी तीन चाचण्या

कागदावर फक्त इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांत लिहा आणि ते ठाऊक नसलेल्या तिघांना द्या: एक मराठी, एक हिंदी बोलणारा, एक दक्षिणेतला. वाचायला सांगा आणि देवनागरी येणाऱ्यांना लिहायलाही सांगा. मराठी माणसाकडून मूळ नाव परत आलं नाही तर स्पेलिंग बदला; बाकी दोघांच्या बाबतीत थोडी सूट द्या.

मग फोनवर कुणाला तरी लिहून घ्यायला सांगा. ‘इथे डबल’, ‘इथे एच आहे पण उच्चारायचा नाही’ असं एकदा थांबावं लागलं तर ठीक, दोनदा थांबलात तर एक अक्षर काढा.

शेवटी छोट्या अक्षरांत टाइप करून बघा. ‘अर्णव’मधले आर आणि एन चिकटून एम दिसतात. ‘इला’चा मोठा आय आणि छोटा एल बऱ्याच फॉन्टमध्ये एकसारख्या उभ्या रेघा असतात. यावर इलाज नाही, पण पासवर्ड-ईमेल सांगताना काय होणार ते कळतं.

घोळ झालाच असेल तर

आधी जन्मदाखला बघा. तो बरोबर आणि आधार चुकीचं असेल तर दाखला दाखवून आधार दुरुस्त करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून पहिली संधी ‘बघू या’ म्हणून खर्चू नका. पावतीवर सही करण्यापूर्वी पडद्यावरची दोन्ही लिपींतली नावं अक्षर-अक्षर वाचा.

दाखल्यातच टंकलेखनाची चूक असेल तर जिथे जन्म नोंदला त्याच कार्यालयात, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो. सोबत दवाखान्याची नोंद आणि आईवडिलांची ओळखपत्रं लागतात, बहुधा प्रतिज्ञापत्रही. तुम्ही दिलेलं स्पेलिंगच छापलं गेलंय आणि आता मन बदललंय, तर ती चूक धरली जात नाही आणि अर्ज परत येण्याची तयारी ठेवा. मग उरतो राजपत्रात नावबदल जाहीर करण्याचा रस्ता. तो पुढच्या कागदांसाठी चालतो, पण जुन्या दाखल्यावर जुनंच नाव राहिल्याने राजपत्राची प्रत कायम जोडत बसावी लागते.

शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव मुख्याध्यापक आपल्या सहीने बदलू शकत नाहीत, शिक्षण विभागाची मंजुरी लागते. मूल शाळेत असतानाच, दहावीचा फॉर्म भरण्याच्या बऱ्याच आधी, हे उरकून घ्या. अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) काढताना शाळेतलं आणि आधारवरचं नाव जुळलं नाही की काम तिथेच अडतं, त्यामुळे फरक असलाच तर हल्ली तो लवकर उघडकीला येतो.