डब्यातले पोलीस आणि प्रवासी: असा प्रसंग कॅमेऱ्यात कसा टिपावा

पोलीस रेल्वेच्या डब्यात शिरतात, एका प्रवाशापुढे थांबतात आणि आजूबाजूचे सगळे मोबाइलमधून मान वर करतात. असे प्रसंग बहुधा दोन-चार मिनिटांत आटोपतात. तेवढ्यात काय करायचे हे आधी ठरवलेले नसेल, तर हाती हललेला फोटो लागतो. नाहीतर असा फोटो लागतो, जो काढायला नको होता असे नंतर वाटत राहते.

घरातून निघण्यापूर्वी

तुम्ही जिथे फोटो काढणार तिथला कायदा वाचा. रस्त्यावरचा नियम आणि स्टेशनच्या आवारातला नियम एकच असेल असे धरून चालू नका. अनेक वाहतूक सेवांचे छायाचित्रणाचे स्वतःचे नियम असतात. देशोदेशी फरकही मोठा आहे. सार्वजनिक जागी कर्तव्यावर असलेल्या पोलिसांचे चित्रीकरण करण्याचा नागरिकाचा हक्क अमेरिकेतल्या एका संघीय अपील न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला. स्पेनमध्ये मात्र २०१५ च्या कायद्यानुसार पोलिसांच्या सुरक्षिततेला धोका पोहोचेल असे चित्र वापरल्यास दंड होऊ शकतो.

तुमच्या मर्जीविरुद्ध कुणी फोन उघडू नये म्हणून फोनवर सहा आकडी किंवा त्याहून मोठा पासकोड लावा. बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने फोन उघडण्याची सोय त्या प्रवासापुरती बंद ठेवा.

कॅमेरा आधीच लावून ठेवा

२८ किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स पुरते. डब्यातला उजेड कमी असतो, म्हणून आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) १६००, लेन्सचे छिद्र एफ/४ आणि शटर (उजेड आत घेण्याची वेळ) १/१२५ सेकंद इथून सुरुवात करा. २८ मिलिमीटरच्या लेन्सवर फोकस हाताने दोन मीटरवर लावला, तर फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात साधारण दीड ते तीन मीटरमधले सगळे नेटके दिसते. ऑटोफोकस ऐन वेळी मधल्या दांड्यावर किंवा कुणाच्या तरी खांद्यावर अडकतो, ही अडचण मग राहत नाही. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरले, तर डब्यातल्या दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. ५० हर्ट्झची वीज असेल तिथे शटर १/१०० वर आणल्यास ते बहुतेक जातात. फ्लॅश आणि फोकससाठी लागणारा छोटा दिवा, दोन्ही बंद.

लपवू नका

अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवाशांचे चेहरे टिपले. त्या छायाचित्रांबद्दल मला आदर आहे, पण पोलिसांसमोर ती पद्धत वापरू नये. तणावाच्या क्षणी कोटात किंवा पिशवीत गेलेला हात कशासाठी गेला हे समोरच्याला कळत नाही. कॅमेरा छातीशी, दोन्ही हात दिसतील असा धरा आणि सावकाश हला. लोकांना पोझ न द्यायला लावता फोटो काढायचा आहे, चोरून नव्हे. हा फरक या कामात फार महत्त्वाचा आहे.

अंतर राखा. डबा अरुंद असतो, म्हणून दरवाजा आणि जायची वाट अडणार नाही अशी जागा धरा. "मागे व्हा" असे सांगितले तर मागे व्हा आणि तिथून फोटो काढत राहा. हुज्जत घालू नका, कारण तुम्ही बोलू लागलात की प्रसंग तुमचा होतो आणि अडवलेला माणूस बाजूला पडतो.

फ्रेम मोठी ठेवा

नवखा माणूस इथेच सर्वांत जास्त चुकतो. खांद्यावर पडलेला हात जवळून टिपला तर ती धरपकड दिसते. दोन पावले मागून काढलेल्या फोटोत कदाचित दिसेल, की प्रवाशाला भोवळ आली होती आणि तो हात त्याला सावरत होता. उलटही घडते: शांत दिसणाऱ्या चेहऱ्याखाली पिरगाळलेले मनगट असते. म्हणून दोघांचेही हात, दोघांमधले अंतर आणि भोवतीचे प्रवासी फ्रेममध्ये असू द्या. प्रसंगाच्या आधीचा आणि नंतरचा क्षणही टिपा.

बळाचा वापर सुरू झाला तर फोटो सोडून व्हिडिओ सुरू करा. १ जानेवारी २००९ रोजी अमेरिकेतल्या ओकलंडमधल्या फ्रूटव्हेल स्टेशनच्या फलाटावर पालथ्या पडलेल्या ऑस्कर ग्रँट या तरुणाला पोलिसाने गोळी घातली. ते दृश्य प्रवाशांनी वेगवेगळ्या जागांवरून टिपले आणि ती चित्रफीत पुढे खटल्यात पुरावा ठरली. अशा वेळी कॅमेरा स्थिर ठेवणे आणि मध्येच बंद न करणे एवढेच आपल्या हाती असते. वर आपले निवेदन नको, आवाज जसा आहे तसा येऊ द्या.

नंतर

पोलीस गेल्यावर, तो प्रवासी तिथेच असेल तर त्याच्याशी बोला. त्याला फोटो दाखवा, हवा असेल तर पाठवा. वापरू नका म्हणाला तर वापरू नका. पोलीस गणवेशात, सार्वजनिक कामावर होता. प्रवासी मात्र कामावरून घरी चाललेला असू शकतो. मूल असेल, कुणी बेशुद्ध असेल किंवा स्वतःला सावरण्याच्या स्थितीत नसेल, तर चेहरा दाखवायचाच नाही. चेहरा झाकताना धूसर करण्यापेक्षा त्यावर सपाट रंग भरा, आणि हे मूळ फाइलवर न करता प्रतीवर करा. प्रसिद्ध करायच्या प्रतीतून फाइलमध्ये साठलेली ठिकाणाची नोंद काढून टाका. मूळ फाइल न छेडता दोन जागी ठेवा.

फोटोखालची ओळ लिहिताना शब्द तोलून वापरा. हटकले, चौकशी केली, ताब्यात घेतले आणि अटक केली या चार वेगळ्या गोष्टी आहेत. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच, वेळ आणि मार्गासह लिहा. कारण माहीत नसेल तर "कारण समजले नाही" असेच लिहा.

आणि त्याच रात्री फोटो टाकण्याची घाई करू नका. बळाच्या वापराचा पुरावा असेल तर तो आधी त्या प्रवाशाकडे किंवा त्याच्या वकिलाकडे पोहोचवा. बाकी फोटो थांबू शकतात. इव्हान्स यांची ती छायाचित्रे पुस्तकरूपाने आली १९६६ मध्ये, शेवटचा फोटो काढून पंचवीस वर्षे झाल्यावर.