पोस्टग्रेसची डिस्क अचानक भरली तर आधी स्लॉट तपासा

पोस्टग्रेस डेटाबेसच्या सर्व्हरची डिस्क भरत आली आणि सगळी जागा 'पीजी_वॉल' फोल्डरनेच (यात वॉल, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी असतात) खाल्लेली दिसली, तरी तिथली एकही फाइल हाताने डिलीट करू नका. त्या 16 एमबीच्या फाइल्स जुन्या लॉगसारख्या दिसतात, पण क्रॅशनंतर डेटाबेस उभा राहतो तो त्यांच्याच जोरावर. एखादी गरजेची फाइल गेली तर सर्व्हर सुरूच होणार नाही.

बहुतेक वेळा दोषी असतो बेवारस रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरला वॉल कुठवर पोचला याची मुख्य सर्व्हरवरची नोंद. स्टँडबाय (प्रत ठेवणारा) सर्व्हर काढून टाकला, पण त्याचा स्लॉट तसाच राहिला, की प्रायमरी (मुख्य) सर्व्हर त्याच्यासाठी वॉल साठवतच राहतो. 'पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स' व्ह्यूमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह' रकाना फॉल्स आहे का पाहा. तो स्टँडबाय परत येणार नाही याची खात्री करूनच 'पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट' फंक्शनने स्लॉट काढा, मग 'चेकपॉइंट' कमांड द्या (तिने मेमरीतले बदल डिस्कवर लिहिले जातात आणि नको असलेला वॉल काढता येतो). जागा तेव्हाच सुटते.

स्लॉट ठीक असतील तर 'पीजी_स्टॅट_आर्कायव्हर'मधला 'फेल्ड_काउंट' वाढतोय का बघा. आर्कायव्हिंग (वॉलच्या प्रती दुसरीकडे जपणं) अडकलं तरी वॉल तुंबतो.

आवृत्ती 13 पासून स्लॉटसाठी किती वॉल साठवायचा यावर 'मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ' ही मर्यादा घालता येते. मूळ किंमत उणे 1, म्हणजे मर्यादाच नाही. ती जरूर घाला. मात्र मर्यादेपलीकडे मागे पडलेला स्टँडबाय बहुधा नव्याने उभारावा लागतो.