कूलरच्या ताट्या भरताना होणाऱ्या चुका

होळी झाली की विदर्भात कूलरवरची ताडपत्री निघते. टाकी घासा, पंख्याला तेल द्या, कूलर खिडकीबाहेर सावलीत स्टँडवर ठेवा, तिन्ही बाजूंना किमान फूटभर मोकळी जागा सोडा. एवढं सगळ्यांना जमतं. घोळ होतो तो ताट्यांत, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या जाळीच्या चौकटींत, गवत भरताना.

जुनं गवत धुऊन पुन्हा वापरायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. क्षार बसलेलं गवत पाणी धरत नाही. नवं गवतही गठ्ठ्यातून ओढून तसंच कोंबायचं नाही. आधी हाताने पिंजून मोकळं करा, मग ताटी आडवी ठेवून दीड-दोन इंचांचा सारखा थर द्या. वरची कड आणि कोपरे मात्र जास्त दाट भरा, कारण ओलं झालं की गवत खाली बसतं आणि दोन-तीन दिवसांत वर चार बोटं फट पडते. हवा आळशी असते. ओल्या गवतातून जाण्यापेक्षा त्या फटीतून घुसते आणि मे महिन्यातली ४५ अंशांची झळ तशीच खोलीत येते. भरलेली ताटी उजेडासमोर धरा. जिथे लख्ख दिसतं तिथे अजून गवत हवं. उलट फार ठासलं तर पंख्याला हवाच मिळत नाही.

आता ताटीवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हाळीची भोकं सुईने मोकळी करा आणि पंखा न लावता पंधरा मिनिटं नुसता पंप चालवा. ताटीवर कोरडा पट्टा राहिला तर एक तर भोक बुजलंय किंवा कूलर कललाय. स्टँडच्या पायाखाली फरशीचा तुकडा सरकवा. सगळी ताटी काळपट ओली दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

टाकीत बर्फ टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्याच्या सुमारे सातपट उष्णता लिटरभर पाण्याची वाफ होताना शोषली जाते. कूलरचं काम वाफेवर चालतं.

म्हणूनच खोली बंद ठेवायची नाही, ही दमट हवा बाहेर जायला हवी. समोरची खिडकी चार-सहा इंच उघडी ठेवा. फटीशी कागदाची पट्टी धरा, ती बाहेर उडाली पाहिजे. नाही उडाली तर तासाभरात अंग चिकट होणार.

पाणी भरताना पिन सॉकेटमधून काढायचीच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसेल तर तो लावूच नका. पंप पाण्यात बुडालेला हवा, कोरडा चालला की जळतो. डासांसाठी टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. सकाळी बंद करताना आधी पंप, मग दहा मिनिटांनी पंखा. नाहीतर गवताला कुबट वास येतो.

मृगाचा पाऊस पडला की पंप बंद, नुसता पंखा चालू द्या.