तोंडी हुकूम सोडणाऱ्या साहेबाला कसं सांभाळायचं

कुपवाड एमआयडीसी असो की साताऱ्याची, निम्मी भांडणं तोंडी हुकमातून होतात. साहेब चालता चालता सांगतात आणि संध्याकाळी म्हणतात, "मी असं म्हणालोच नव्हतो." म्हणून हुकूम मिळाल्यावर 10 मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅप टाका: "साहेब, सांगितल्याप्रमाणे 200 नग, नवीन ड्रॉइंगनुसार, उद्या 4 पर्यंत. मशीन एकच आहे, त्यामुळे आधीची ऑर्डर परवावर जाईल. चालेल ना?" शेवटची दोन वाक्यं गाळू नका, खरी मेख तिथंच आहे. नुसतं "हो साहेब" लिहिलंत, तर दोन्ही कामं तुमच्याच गळ्यात. उत्तर आलं नाही तर जेवणाच्या सुट्टीआधी तोंडी विचारा आणि वेळ डायरीत लिहा.

चारचौघांत ओरडले तर उलटून बोलू नका. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये, एकट्यात, एकच मुद्दा काढा. महिनाअखेरीला मात्र नको. तेव्हा डिस्पॅचपुढं देव आला तरी ऐकत नाहीत.

जादा तासांची नोंद रोजच्या रोज ठेवा. कायद्यानं कामगाराला आठवड्याच्या 48 तासांपुढं दुप्पट दर मिळतो, पण महिन्यानं आठवून मांडलेला हिशेब एचआरपुढं टिकत नाही.