मिशन शाळेचा इतिहास लिहायचाय? आधी जनरल रजिस्टर मागा

आमच्या मुलींच्या शाळेची शताब्दी आली, स्मरणिका काढायचं ठरलं, आणि "बाई, तुम्ही आता रिकाम्याच" म्हणत इतिहासाचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. त्याच शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं होतं. वाटलं, महिन्याभराचं काम. दीड वर्ष गेलं. नंतर खान्देशातल्या आणखी दोन शाळांतल्या बाया विचारायला आल्या, म्हणून एकदाचं लिहूनच ठेवते.

पहिलं सांगते, १८२७ पासून सुरुवात करू नका. सगळे तेच करतात. अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार त्या वर्षी मुंबईत आल्या, पुढं अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, त्या पाहून जोतिराव फुल्यांना प्रेरणा मिळाली, १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा निघाली. खरं आहे, पण तो नगर-पुण्याचा इतिहास. त्याला दोन ओळी द्या आणि तापीकाठी या. आमच्याकडं गोष्ट दुष्काळापाशी सुरू होते. १८९९-१९०० चा तो छप्पनचा दुष्काळ. संवत १९५६ चा म्हणून छप्पनचा. अनाथ मुलामुलींना मिशननं ठेवून घेतलं, त्यातून बोर्डिंगं वाढली आणि बोर्डिंगच्या मुलींसाठी वर्ग भरू लागले. तुमच्या गावी तसंच झालं असेल असं धरून मात्र चालू नका, तपासा.

नावांचा गुंता आधी सोडवून घ्या. पश्चिम खान्देशात काम करणारं स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आणि आपण 'टीम' (द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन) म्हणतो ते मिशन एकच. १९४९ मध्ये नाव बदललं. मी तीन महिने दोन मिशनं समजून दोन वेगळ्या वह्या भरत होते. जिल्ह्यांचंही तसंच. १९०६ पर्यंत खान्देश एकच जिल्हा, मग पूर्व आणि पश्चिम (पश्चिम म्हणजे पुढचा धुळे जिल्हा), आणि नंदुरबार तर १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. म्हणून नंदुरबारकडच्या शाळेचा जुना कागद धुळ्यात शोधायचा. १८८० च्या गॅझेटिअरचा खान्देशचा बारावा खंड वाचा, पण तो गावाची कल्पना येण्यापुरता.

आता खरं काम. मुख्याध्यापिकांना लेखी अर्ज द्या आणि जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलीची नोंदवही, मागा. लगेच मिळणार नाही. हे रजिस्टर मागायला येतं कोण, तर जात पडताळणीवाले. त्यामुळं क्लार्क आधी संशयानंच बघतो. त्याच्या टेबलाशी बसूनच पाहीन, असं सांगा. झेरॉक्स काढू नका, वहीची शिवण तुटते. खिडकीच्या उजेडात मोबाईलनं फोटो घ्या, फ्लॅश बंद, आणि प्रत्येक फोटोत पान क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. ही चिठ्ठी मी पहिले दोन दिवस ठेवली नाही आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

रजिस्टर उघडलं की सगळ्यांची नजर पहिल्या नावावर जाते. तुम्ही शेवटच्या रकान्याकडं जा: शाळा सोडल्याचे कारण. "लग्न." "गावी गेली." "सतत गैरहजर." "मयत." अधूनमधून "व्हर्नाक्युलर फायनल पास" (म्हणजे जुनी सातवीची परीक्षा), आणि पुढं "नर्सिंगला". दर पाच वर्षांची ही कारणं मोजून कागदावर मांडली, तेव्हा शाळेनं काय केलं आणि काय करता आलं नाही ते मला पहिल्यांदा दिसलं. आमच्याकडं बरीच वर्षं "लग्न"च वरचढ होतं. स्मरणिका समितीला ते छापायचं नव्हतं. मी छापलं.

लग्नाच्या वेळचं वय काढायला जन्मतारखेवर विसंबू नका. निम्म्या मुली १ जूनला जन्मलेल्या दिसतील. ती तारीख गुरुजींच्या सोयीची. प्रवेशाची इयत्ता पाहून अंदाज बांधा. धर्म-जातीचा रकानाही मोजा. बाहेरचे म्हणतात, सगळ्या ख्रिस्तीच होत्या. आतले म्हणतात, आम्ही कुणाचा धर्म पाहिला नाही. दोघंही न मोजता बोलतात. मात्र आकडे छापा, मुलींची नावं नकोत. बोर्डिंगच्या मुलींची नावं बाप्तिस्म्यात बदललेलीही असतात, तेव्हा एकच मुलगी दोनदा मोजली जाणार नाही हे चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीशी ताडून बघा. पाळकसाहेबांना आदल्या दिवशी फोन करून जावं, रविवारी तर मुळीच जाऊ नये.

कोनशिलेवर भरवसा ठेवू नका. मी तिच्यावरचं साल निमंत्रणपत्रिकेत 'स्थापना' म्हणून छापून मोकळी झाले. ते इमारतीचं साल होतं. त्याआधी कितीतरी वर्षं वर्ग चर्चच्या ओट्यावर भरायचे, हे एका माजी विद्यार्थिनीच्या मुलीनं भर कार्यक्रमात सांगितलं. जमीन कधी घेतली ते भूमी अभिलेख कार्यालयातल्या मालमत्ता पत्रकावरून माग काढत बघा; मी ते नंतर केलं.

म्हाताऱ्या बायांना "शाळा कशी होती?" विचारलंत तर "चांगली होती" एवढंच मिळेल. विचारा, बोर्डिंगात पेटीला कुलूप होतं का, किल्ली कुणाकडं? नाताळला घरी कोण न्यायला यायचं? मिसबाईंच्या, म्हणजे मिशनरी बाईंच्या, बंगल्यात कुठपर्यंत जाता यायचं? एकीनं यावर हसून सांगितलं, "ओटालगून." ओट्यापर्यंत. पुढं पाऊण तास ती एकटीच बोलत होती. मी वही मिटून घेतली होती, कारण वही दिसली की त्या अहिराणी सोडून पुस्तकी बोलू लागतात. घरी येऊन लगेच लिहून काढा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

मजकूर झाला की छापायच्या आधी याच बायांना वाचून दाखवा. मी त्या ओट्यावालीलाच दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, स्वयंपाकीणबाई कुठं गेली यात? आम्हाला कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर तीच करून घालायची. पगारपत्रकात तिचं नाव नव्हतं, म्हणून माझ्या इतिहासातही नव्हतं. छपाई आठ दिवस थांबवून ते पान पुन्हा लावलं.